अ‍ॅम्बॅसॅडर मार्क ४: पन्नासच्या स्पीडला मिसिंग, प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल बदलूनही तसंच

मार्क_चार | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, महिनाभर डोकं लावून थकलो, म्हणून धागा काढतोय.

गाडी १९८४ची अ‍ॅम्बॅसॅडर मार्क ४, पेट्रोल, १४८९ सीसी. वडिलांनी नवी घेतली तेव्हापासून घरात आहे. ते गेल्यावर आईने एकच सांगितलं, गाडी उभी राहून गंजू देऊ नकोस. एस.यू. कार्बोरेटर, पॉइंटवाला डेलको (म्हणजे डिस्ट्रिब्यूटर, चारही प्लगना पाळीने करंट वाटणारा), इलेक्ट्रॉनिक काहीही नाही. मी वाईला राहतो. महिन्यातून दोन-तीनदा साताऱ्याला जाणं होतं, तेव्हा हीच काढतो.

त्रास असा. सकाळी चोक ओढला की पहिल्या सेल्फला चालू होते. स्लो छान, बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवावा इतका. पण गावाबाहेर पडून सुरूरच्या रस्त्याला टॉप टाकला, ५०-५५ला पाय हलका केला, की झटके. मागून कोणीतरी बंपर धरतं आणि लगेच सोडतं असं वाटतं. कधी एकच, कधी लागोपाठ तीन-चार. मधूनच सायलेन्सरमध्ये फट्ट असा आवाज. मग दोन किलोमीटर काहीच नाही, आणि परत सुरू.

आतापर्यंत केलेलं: चार प्लग नवे, पॉइंट (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा डेलकोतला स्विच) नवे, कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला, ते जळू न देणारा) नवा, कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) नवी. पेट्रोल फिल्टर बदलला. गावातल्या एका गॅरेजने कार्बोरेटर उघडून साफ केला. साडेचार हजार रुपये गेले, झटके जसेच्या तसे. आता गॅरेजवाले म्हणतात, हाफ इंजिन काम काढा, म्हणजे इंजिन उघडून रिंग-व्हॉल्व्ह करा. ते करण्याआधी इथे विचारतोय.

---

पद्मिनी_वसई | सोमवार, रात्री १०:०५

इंजिन काम अजिबात काढू नका! आधी कॉम्प्रेशन बघा. गेज मिळतं भाड्याने. चारही प्लग काढायचे, कॉइलची मधली वायर अर्थ करून ठेवायची, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. आकडा किती येतो यापेक्षा चौघांत फरक किती आहे ते महत्त्वाचं. दहा टक्क्यांच्या आत असतील तर इंजिनाला हात लावू नये. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून परत मोजा. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

शिवाय इंजिन थकलेलं असेल तर स्लोलाच थरथरतं. तुमचा स्लो छान आहे म्हणताय.

---

साखरपट्टा | सोमवार, रात्री १०:३०

पेट्रोल! आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. तुमचा कार्बोरेटर साध्या पेट्रोलसाठी बसवलेला आहे. साध्या पेट्रोलला हवा लागते वजनाने साधारण १४.७ पट, इथेनॉलला फक्त ९ पट. म्हणजे कार्बोरेटरमधून पेट्रोल मोजून सोडणारी तीच सुई आणि तोच जेट ठेवून हे पेट्रोल घातलं की मिश्रण आपोआप पातळ होतं, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर ते सांभाळून घेतो, कार्बोरेटरला ते कळत नाही. पातळ मिश्रणाचे झटके नेमके हलक्या पायावर येतात. जेट थोडा खाली घ्या, म्हणजे पेट्रोल वाढेल.

रबरी नळ्याही तपासा. जुन्या रबराला इथेनॉल चालत नाही, आतून सुटून बारीक काळा चुरा फिल्टरमध्ये येतो.

---

दहा_बाराचा_पाना | मंगळवार, सकाळी ६:१५

मी कोल्हापूरला अडतीस वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. अ‍ॅम्बॅसॅडर आणि जीप हेच आमचं पोट.

आधी एक सांगतो, राग मानू नका. तुम्ही चार वस्तू एका वेळी बदलल्या. आता यातली एखादी नवी वस्तूच खराब निघाली तर कळणार कसं? हल्लीचे नवे कंडेन्सर मी डब्यातून काढून थेट बसवत नाही, आधी मोजतो. ०.१८ ते ०.२४ मायक्रोफॅरड यायला पाहिजे. तुमचे जुने पॉइंट, जुना कंडेन्सर, जुनी कॉइल फेकली असेल तर वाईट झालं. ठेवली असेल तर जपा.

आता प्रश्न. याची उत्तरं द्या, मग बोलू.

१) घाटात कशी चालते? पसरणी घाट तुमच्या दारात आहे. सेकंडला, थर्डला, पाय पूर्ण दाबून.
२) उतारावर पाय सोडल्यावर?
३) झटके येत असताना चोक जरासा ओढला तर फरक पडतो का?
४) उभ्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर हळू वाढवत नेला तर?
५) झटक्याच्या वेळी डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकतो का?

---

मार्क_चार | मंगळवार, रात्री ८:५०

काका, जुने पार्ट आहेत. वडिलांची सवय होती, काढलेली वस्तू तारीख लिहून डब्यात ठेवायची. मीही तेच करतो.

आज मुद्दाम पाचगणीपर्यंत जाऊन आलो.

१) घाटात एकही झटका नाही. सेकंड-थर्ड, पाय जवळजवळ तळाला, पूर्ण गरम इंजिन. मला स्वतःला आश्चर्य वाटलं, कारण मी घाबरून महिनाभर घाटात नेलीच नव्हती.
२) उतारावर पाय सोडून: काही नाही.
३) सुरूर रस्त्याला झटके येताना चोक ओढून बघितला. गाडी थोडी जड झाली, झटके तेवढेच राहिले.
४) उभ्या गाडीत हळूहळू वाढवली तर मधल्या वेगाला कधी कधी एखादा ठोका चुकतो. स्लोला कधीच नाही.
५) दिवा लागत नाही.

कॉम्प्रेशनही मोजलं: ११८, १२०, ११५, ११७ पीएसआय. इंजिन काम रद्द.

---

पद्मिनी_वसई | मंगळवार, रात्री ९:१०

११५ ते १२०! हे इंजिन उघडायला निघाले होते? देव पावला.

---

दहा_बाराचा_पाना | बुधवार, सकाळी ६:३०

पाचगणीला जाऊन आलात हे फार चांगलं केलंत. त्या एका फेरीने निम्म्या वस्तू यादीतून गेल्या. सविस्तर लिहितो, कारण हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

करंट कमजोर असेल तर तो कुठे कमी पडतो? जिथे सिलिंडरमध्ये दाब जास्त तिथे. घाटात पाय दाबला की सिलिंडर पूर्ण भरतो, दाब वाढतो, आणि त्या दाबात प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून थकलेली कॉइल, मोठ्या गॅपचा प्लग, डेलकोची फुटकी कॅप म्हणजे झाकण, तिच्या आत फिरणारा गळका रोटर हे सगळे पहिल्यांदा चढाला बोलतात. गरम झाल्यावर मरणारा कंडेन्सरही घाटातच मरतो. तुमची गाडी घाटात चोख चालली. म्हणजे कॉइल, प्लग, वायरी, कॅप, कंडेन्सर या सगळ्यांनी परीक्षा दिली आणि पास झाले.

पेट्रोल कमी पडत असतं तर? पंप थकला, फिल्टर तुंबला, तरी घाटातच दम गेला असता. कारण पेट्रोल सगळ्यात जास्त तिथेच लागतं.

राहिलं पातळ मिश्रण. साखरपट्टा म्हणतात ते खोटं नाही, या पेट्रोलने मिश्रण पातळ होतंच. पण पातळपणाने झटके येत असते तर चोक ओढल्यावर कमी झाले असते, कारण चोकने पेट्रोल वाढतं. कमी झाले नाहीत.

मग हलक्या पायालाच होतं आणि पूर्ण दाबल्यावर, पाय सोडल्यावर, स्लोला होत नाही असं काय आहे या गाडीत? एकच वस्तू. डेलकोच्या बाजूला जो गोल डबा आहे ना, व्हॅक्यूमचा, तो. त्याची बारीक नळी कार्बोरेटरच्या थ्रॉटलच्या कडेजवळ जाते. थ्रॉटल बंद असताना भोक बाहेरच्या बाजूला राहतं, ओढ नाही. थ्रॉटल थोडा उघडला की ओढ जोरात. पूर्ण उघडला की ओढ संपली. ओढ आली की डबा आतली प्लेट फिरवतो आणि ठिणगी आधी पडते. हलक्या पायावर मिश्रण विरळ असतं, जळायला वेळ लागतो, म्हणून ही सोय केलेली.

तुमचे झटके त्या प्लेटबरोबर येतात आणि तिच्याबरोबर जातात.

आज एवढंच करा. डेलकोकडची नळी काढा, तिचं तोंड छोट्या स्क्रूने घट्ट बंद करा, नाहीतर तिथून हवा ओढली जाईल आणि वेगळाच घोटाळा होईल. मग सुरूरपर्यंत जाऊन या. दुसरं काहीही बदलू नका. गॅपसुद्धा नाही.

---

रत्नागिरी_८०० | बुधवार, सकाळी १०:२०

काका, हे इतकं नीट मला आजवर कोणीच समजावलं नव्हतं. मध्येच माझा प्रश्न विचारते, वेगळा धागा काढायला हवा असेल तर सांगा.

माझी कार्बोरेटरवाली मारुती ८००. पावसाळ्यात सकाळी अर्धा तास तीनपैकी दोनच सिलिंडरवर चालते, थरथरते, मग आपोआप सुधारते. उन्हाळ्यात काही नाही. मेकॅनिकने प्लग बदलले. एक आठवडा बरी होती, मग परत तेच.

---

पद्मिनी_वसई | बुधवार, दुपारी १२:४५

ताई, हा दमट हवेचा आजार. आम्हा वसईकरांना पाठ आहे. रात्री अंधारात, पावसाळी हवेत, बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि लांबून फक्त बघा. हात लावू नका. प्लगच्या वायरींवर किंवा कॅपवर निळसर बारीक ठिणग्या नाचताना दिसतील. खाऱ्या दमट हवेने कॅपवर थर बसतो, करंट प्लगपर्यंत जायच्या ऐवजी त्या थरावरून सरकतो. इंजिन तापलं की ओल वाळते आणि गाडी सुधारते. म्हणून अर्ध्या तासाने बरी होते.

कॅप काढून आत बघा. पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दोन खुंट्यांच्या मध्ये दिसली तर ती कॅप गेली. घासून उपयोग नाही, बदलाच. नसेल तर कोरड्या कापडाने आतून-बाहेरून पुसा. वायरी किती वर्षांच्या आहेत?

---

लेस्टरचा_नाना | बुधवार, दुपारी ३:३०

नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, इंग्लंडात तीस वर्षं झाली. माझ्याकडे एमजीबी आहे, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. तिचं १८०० सीसीचं इंजिन आणि अ‍ॅम्बॅसॅडरचं १४८९चं इंजिन एकाच घराण्यातली, बीएमसीची (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी सिरीज. अ‍ॅम्बॅसॅडर म्हणजे शेवटी मॉरिस ऑक्सफर्ड, बंगालमधल्या उत्तरपाड्यात २०१४पर्यंत बनत राहिली. डेलकोही जवळजवळ तोच, ल्यूकस या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीचा.

कोल्हापूरच्या काकांचं निदान शंभर टक्के पटलं. पुढचं पाऊल मी सांगतो, कारण माझ्या गाडीत मी यातूनच गेलोय. त्या फिरणाऱ्या प्लेटवर दोन बारीक लवचिक वायरी असतात. एक बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत करंट नेणारी, दुसरी प्लेटला डेलकोच्या अंगाशी अर्थ करणारी. प्लेट आयुष्यभर मागे-पुढे हलते, तिच्याबरोबर या वायरी वाकतात. चाळीस वर्षांत आतली तांब्याची तार तुटत जाते, वरचं आवरण शाबूत राहतं. बघून कधीच कळत नाही. प्लेट एका बाजूला असताना तुटकी टोकं टेकलेली असतात, फिरली की सुटतात.

आणि एक सावधगिरी. नवा रोटर घेतलात तर बघून घ्या. काही नव्या रोटरमध्ये पितळी पट्टी रिव्हेटने ठोकलेली असते आणि रिव्हेटचं टोक आतल्या दांड्याच्या फार जवळ येतं. करंट तिथून आत उतरतो. असा एक रोटर मला रस्त्यात सोडून गेला होता.

---

मार्क_चार | बुधवार, रात्री ९:३०

नळी काढली, तोंड बंद केलं. वाई ते सुरूर आणि परत, दोनदा. ५०-५५, पाय हलका. एकही झटका नाही!! गाडी किंचित मंद वाटली, पण झटका नाही. नळी परत लावली, गावाबाहेर दोन किलोमीटर गेलो आणि लगेच सुरू.

महिन्यात पहिल्यांदा ही गोष्ट माझ्या ताब्यात आल्यासारखी वाटली. हवं तेव्हा सुरू करता येते, हवं तेव्हा थांबवता येते.

---

दहा_बाराचा_पाना | गुरुवार, सकाळी ६:२०

शाब्बास. जो दोष आपल्याला हवा तेव्हा आणता येतो तो सापडलाच समजा.

नाना म्हणतात ते बरोबर, पण उघडायच्या आधी मोजून सिद्ध करा. साधा मल्टिमीटर पुरे. कॅप काढा. इंजिन हाताने फिरवून पॉइंट बंद स्थितीत आणा. कॉइलच्या डेलकोकडच्या टर्मिनलला, जुन्या कॉइलवर तिथे ‘सीबी’ कोरलेलं असतं, मीटरची लाल वायर. काळी बॅटरीच्या निगेटिव्हला. किल्ली ऑन. पॉइंट बंद म्हणजे करंट सरळ अर्थला उतरतोय, म्हणून मीटरवर जवळजवळ शून्य यायला हवं. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. जास्त दाखवलं तर तेवढं व्होल्टेज पॉइंटवर, वायरीत किंवा अर्थिंगमध्ये अडकतंय.

आता डेलकोच्या डब्याला स्वच्छ रबरी नळी लावा आणि तोंडाने ओढा. प्लेट फिरताना दिसेल. मीटरकडे बघत राहा.

एक काळजी घ्या. पॉइंट बंद असताना किल्ली ऑन ठेवून चहाला जाऊ नका. तुमच्या कॉइलचं प्रायमरी तीन-साडेतीन ओहम असणार, म्हणजे जवळजवळ ४ अँपिअर सतत वाहतो, पंचेचाळीस वॅटचा दिवाच कॉइलच्या पोटात. दोन मिनिटं मोजा, किल्ली बंद करा, थंड होऊ द्या.

ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी चालू इंजिनाच्या करंटजवळ जाऊ नये, हेही लिहून ठेवतो.

---

साखरपट्टा | गुरुवार, सकाळी ९:००

मी पेट्रोलवर फारच ठाम होतो. चोकची चाचणी माझ्या डोक्यात आली नव्हती, ती लक्षात ठेवतो. तरी हे निस्तरल्यावर मिश्रण एकदा तपासाच.

---

मार्क_चार | शनिवार, संध्याकाळी ६:४५

झालं! सापडलं! नीट क्रमाने लिहितो.

मदतीला मुलगी होती, नववीत आहे. तिच्या हातात मीटर, माझ्या तोंडात नळी.

पॉइंट बंद, किल्ली ऑन: ०.११ व्होल्ट. म्हणजे उत्तम. हळू ओढायला सुरुवात केली. ०.११... ०.१२... आणि ती ओरडली, “बाबा, बारा!” नळी सोडली: ०.११. परत ओढली: मध्ये एकदा ३.४, मग १२.३. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. ओढ धरून ठेवली तर प्लेट जागेवर थांबते, म्हणजे डब्याचा पडदा शाबूत आहे.

मग कोणती वायर? किल्ली बंद केली, पॉइंटमध्ये पोस्टकार्ड घालून उघडे ठेवले, कंडेन्सरची वायर सोडवली. मीटर ओहमवर. अर्थची वायर: ओढली तरी ०.१, हलत नाही. पॉइंटकडे जाणारी वायर: ०.२, आणि ओढली की मीटर थेट अनंत. तीच.

बाहेरून बघाल तर काहीच नाही. आवरण अगदी नव्यासारखं. ब्लेडने चिरलं तर टर्मिनलपासून पाऊण इंचावर सगळी तार तुटलेली, टोकं काळी पडलेली. दोन केस तेवढे जोडलेले होते, तेही मी चिरताना सुटले.

महिनाभर मी त्या वायरीच्या एका टोकाला नवे पॉइंट लावत होतो आणि दुसऱ्या टोकाला नवी कॉइल.

आता विचारतो. कोणती वायर घालू? इथल्या दुकानात मिळाली ती घरच्या वायरिंगची आहे, जाड.

---

लेस्टरचा_नाना | शनिवार, संध्याकाळी ७:३०

अभिनंदन! मुलीला माझ्याकडून शाबासकी.

घरगुती वायर मुळीच नको. तिच्यात मोजक्या जाड तारा, महिन्याभरात परत तुटेल. मल्टिमीटरच्या चांगल्या प्रोबला जी मऊ सिलिकॉनची वायर असते तशी घ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात लांबीच्या मापाने मिळते. तिच्यात केसासारख्या शेकडो तारा असतात आणि आवरण उष्णता सोसतं.

टोकाला टर्मिनल दाबून बसवा, झाळू नका. झाळलं की कथील तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि वायर नेमकी त्या कडेला तुटते.

---

दहा_बाराचा_पाना | शनिवार, रात्री ८:००

लांबी जुन्या वायरीएवढीच ठेवा. आखूड झाली तर प्लेटला ओढून धरेल, लांब झाली तर मधल्या कॅमला (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या दांड्याला) घासेल. बसवल्यावर कॅप लावायच्या आधी परत तोंडाने ओढून प्लेट पूर्ण फिरते का बघा, वायर कुठे अडकत नाही ना तेही.

पॉइंटच्या खुंटीवर नीट लक्ष द्या, इथे नव्वद टक्के लोक चुकतात. कंडेन्सरची वायर आणि ही वायर, दोन्हींची टर्मिनलं पॉइंटच्या स्प्रिंगला टेकली पाहिजेत, पण मधल्या खुंटीला अजिबात टेकता कामा नये. म्हणून ती टर्मिनलं प्लास्टिकच्या बुशच्या खांद्यावर बसतात. वॉशर उलटसुलट झाले तर एकतर करंट सरळ अर्थ होईल आणि ठिणगीच नाही, नाहीतर कंडेन्सर जोडलाच जाणार नाही आणि पॉइंट दोन दिवसांत जळतील.

दुसरी वायर, अर्थची, तीही आत्ताच बदला. तिचं वय तेवढंच आहे.

मग पॉइंटचा गॅप ०.३८ मिमी, आणि ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश बंद राहतात ते दाखवणारा) मिळाला तर ६०°च्या आसपास. जुन्या डेलकोत दांड्याचा बुश झिजलेला असतो, तेव्हा फिलर गेजपेक्षा ड्वेलवर विश्वास ठेवा. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, सगळ्यात शेवटी, कारण गॅप हलला की टायमिंग हलतं.

---

रत्नागिरी_८०० | रविवार, सकाळी ८:१०

काल रात्री इकडे चांगला पाऊस होता. नवऱ्याने इंजिन चालू केलं, मी टॉर्च बंद करून बघितलं. दोन नंबरच्या वायरीवर, जिथे ती पत्र्याला टेकते तिथे, निळी रेघ उडत होती! कॅपवर मात्र काही नाही. वायर वळवून बघितली तर त्या जागी रबर तडकलेलं. वायरी गाडी घेतल्यापासूनच्याच आहेत, तेवीस वर्षं.

---

पद्मिनी_वसई | रविवार, सकाळी ९:३०

सगळा सेट बदला ताई, एकच बदलू नका. आणि नव्या वायरी क्लिपमध्ये बसवून पत्र्यापासून लांब ठेवा. एकेक काढून एकेक लावा, म्हणजे नंबर चुकणार नाहीत.

---

मार्क_चार | रविवार, संध्याकाळी ५:२०

दोन्ही वायरी बदलल्या. दुसरं काहीही नाही. ड्वेल ६१°. तोंडाने ओढून मोजलं: पूर्ण फिरेपर्यंत ०.१०, हलत नाही.

आईला पुढे बसवून वाई, सुरूर, सातारा आणि परत. जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. एकही झटका नाही. परत येताना तिला विचारलं, काही जाणवलं का? म्हणाली, “पूर्वीसारखी चालतेय.”

साखरपट्टा, तुमचंही केलं. गरम इंजिन, स्लोला कार्बोरेटरचा पिस्टन खालच्या पिनने मिलिमीटरभर उचलला. स्लो पडून इंजिन बंद व्हायला आलं, म्हणजे पातळ. जेटचा नट एक पैलू खाली घेतला, परत उचलला, तरी थोडं पडत होतं. आणखी एक पैलू. आता उचलल्यावर वेग क्षणभर चढतो आणि परत जागेवर येतो. प्लगचं पांढरं चिनीमातीचं टोक आधी खडूसारखं कोरडं दिसत होतं, साताऱ्याहून आल्यावर फिकट बिस्किटी. पिस्टनवरच्या डबीत तेल जवळजवळ नव्हतं, तेही भरलं. त्यामुळे पाय एकदम दाबल्यावर जी अर्ध्या सेकंदाची ढिलाई होती तीही गेली.

---

साखरपट्टा | रविवार, संध्याकाळी ५:५०

दोन पैलू! छान. रबरी नळ्या बदललेल्या आहेत ना?

---

मार्क_चार | रविवार, संध्याकाळी ६:०५

पंपाकडची जुनीच होती, बोटाने दाबली तर चिकट लागली. उद्या बदलतो.

---

दहा_बाराचा_पाना | सोमवार, सकाळी ६:१०

आता जुना कंडेन्सर मोजा. चांगला निघाला तर चिठ्ठी लावून डिकीत ठेवा, तुमच्या वडिलांच्या पद्धतीने. जुनी कॉइलही.

एक काम राहिलं. पॉइंट नवे आहेत. कॅमला घासणारी त्यांची टाच पहिल्या काही दिवसांत बसते, थोडी झिजते, गॅप आपोआप कमी होतो आणि टायमिंग मागे पडतं. कॅमला ग्रीसचा अगदी हलका हात द्या, जास्त नको, नाहीतर उडून पॉइंटवर बसेल. ५०० किलोमीटरनंतर ड्वेल परत बघा आणि इथे लिहा.

---

मार्क_चार | पाच आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:००

काका, ५२० किमी झाले. ड्वेल ६१°चा ६४° झाला होता. गॅप वाढवून ६०°वर आणला, मग टायमिंग लावलं; दीड अंश मागे पडलं होतं. जुना कंडेन्सर ०.२१ मायक्रोफॅरड, जुन्या कॉइलचं प्रायमरी ३.२ ओहम. दोन्ही चांगले. डिकीत ठेवलेत. चिठ्ठ्या मुलीने लिहिल्या.